शेंड्याची फांदी

अक्रोड पाडायचे दिवस आले, तसं अख्खं अर्सलानबोब गाव जंगलात तंबू ठोकून राहायला आलं. सओदतही आली. गेल्या साली इथल्याच झाडावरून तिचा नवरा पडून मेला होता.

"वहिनी, हे झाड यंदा सोडू या," त्याच झाडाखाली उभा राहून दीर हमदम म्हणाला.

"झाडानं काय केलंय? चढ. तुझ्या भावाची शेंड्याची फांदी झोडायची राहिलीये."

"आणि मी पडलो तर?"

"कमरेला दोर बांध. त्यालाही सांगितलं होतं, तर हसला मला."

हमदमनं दोर बांधला आणि वर चढला. वरून अक्रोड पडू लागले. सओदत हिरवी सालं काढत बसली. सालींच्या रसानं हात काळे झाले. नवऱ्याचे असेच होते, पुरताना कितीही धुतले तरी. आता तरी रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही.

"झाली फांदी," हमदम खाली उतरून म्हणाला.

"बरं," म्हणत तिनं पुढचा अक्रोड उचलला.