मान वळवायची राहिली

ती सीट मिळाली असती तर आपल्या पदरात काय काय पडलं असतं, याचा हिशेब डेंटरने पत्रा ठोकता ठोकता शंभरदा मांडला होता. एक तर जन्मभर गाडीच्या खाली नाहीतर बाजूला उकिडवं बसलेल्या माणसाला गाडीच्या आत बसायला मिळणार होतं. दुसरं, गॅरेजचा मालक 'अरे ए' सोडून त्याला दुसरं काहीतरी म्हणणार होता. आणि तिसरं, जे खरं तर पहिलं, पेंटरचं तोंड बंद होणार होतं.

पेंटर आणि तो एकाच गॅरेजात बारा वर्षं होते. चेंबलेली गाडी डेंटर चार दिवस ठोकून सरळ करायचा, पेंटर एका दिवसात रंग मारायचा, आणि गिऱ्हाईक बॉनेटवर हात फिरवून म्हणायचं, वा, काय रंग आहे. पेंटर त्याला 'ठोक्या' म्हणायचा. पहिली दोन वर्षं तो या हाकेला हसलाही होता.

मालकाला उतारवयात ड्रिफ्टिंगचं वेड लागलं. वळणावर मागची चाकं मुद्दाम घसरवायची आणि गाडी आडवी झालेली असतानाच तिला पुढे काढायची, असा तो खेळ. बघणाऱ्याला वाटतं आता गेली, आणि ती जात नाही. मालकाने एक जुनी गाडी उचलली, डेंटरने तिचा सांगाडा सरळ केला, पेंटरने नारिंगी रंग चढवला. येणारा-जाणारा रंगाकडेच बघून मान डोलवायचा. स्पर्धेत ती चालवणार कोण? मालक म्हणाला, दोघांपैकी जो शिकेल तो. फक्त टायर जाळून शिकायचं असेल तर स्वतःचे जाळा, माझे नाही.

म्हणून दोघेही मेहुण्याच्या खोलीवर जायला लागले. मेहुणा म्हणजे डेंटरच्या बायकोचा धाकटा भाऊ. लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत त्याने गाडीच्या खेळाची दोन यंत्रं मांडली होती: सीट, पेडल, हँडब्रेकचा दांडा आणि मोटर लावलेलं स्टिअरिंग, जे खऱ्या गाडीसारखं हाताला हिसके देतं. एका यंत्राला समोर, डावीकडे, उजवीकडे असे तीन पडदे होते, दुसऱ्याला एकच. पेंटर पैसे मोजणारा, तो तीन पडद्यांवर बसला. भाऊजी फुकटात येणार, ते एकावर. मेहुण्याला यात काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर भाऊजींनाही नाही.

पहिले आठ दिवस डेंटरची गाडी भोवऱ्यासारखी गरगरत राहिली. मेहुणा पाठीमागे उभा राहून खांद्यावर टिचकी मारायचा. टिचकी पडली की हँडब्रेक सोडायचा. "स्टिअरिंगशी भांडू नका भाऊजी," तो सांगायचा. "ते आपणहून उलटं फिरतं. हातातून जाऊ द्या, मग पकडा. आणि अंगठा आत अडकवू नका." पण ज्या हाताने आयुष्यभर हातोडा धरला त्याला सैल धरणं म्हणजे न धरणंच वाटायचं.

एका पडद्याची अडचण अशी होती की गाडीचं नाक एकीकडे आणि गाडी चालली दुसरीकडे; जायचा रस्ताच चित्राच्या बाहेर. बघून बघून मेहुण्याला कीव आली. त्याने खेळाच्या सेटिंगमध्ये कुठल्याशा चौकटीत खूण केली, आणि त्यानंतर गाडी जिकडे घसरेल तिकडे चित्र आपोआप वळायला लागलं. त्या दिवसापासून डेंटरला ड्रिफ्ट जमली. तो पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा मान ताठ ठेवून समोर बघायचा आणि रस्ता आज्ञाधारकपणे त्याच्या डोळ्यांपुढे यायचा. शेजारी पेंटर तीन पडद्यांच्या मध्ये कोंबडीसारखी मान फिरवत असायचा. डेंटरला त्याची मजा वाटायची. कुठे भिंतीवर आदळलंच, तर स्टिअरिंगवर उजव्या अंगठ्याखाली एक बटण होतं. दाबलं की गाडी पुन्हा धडधाकट होऊन रस्त्यावर. महिन्याभरात त्या बटणावरची खूण झिजून गेली.

सहाव्या आठवड्यात डेंटरचे गुण पेंटरच्या पुढे गेले. डेंटर तोंड धुवायला गेला तेवढ्यात पेंटरने स्टिअरिंगच्या मोटरचा जोर शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवला.

डेंटर येऊन बसला, दुसऱ्याच वळणावर भिंतीला घासला, आणि स्टिअरिंग पिसाळल्यासारखं उलटं फिरलं. उजवा अंगठा आडव्या दांडीत अडकलेला होता. खोलीत सगळ्यांना आवाज ऐकू आला. अंगठा मनगटाकडे मागे पडला आणि तिथेच राहिला.

"काय ठोक्या," पेंटर म्हणाला, "आज गाडीने तुलाच ठोकलं."

डेंटरने डाव्या हाताने हँडब्रेकचा दांडा शिकंज्यातून उपसून काढला. हातभर लांब लोखंड होतं. त्याने ते पेंटरच्या तोंडावर घातलं, आणि पेंटर पडला नाही म्हणून आणखी एकदा घातलं. दोन दात गेले, त्यातला एक कीबोर्डवर पडला. पेंटरने तोंडातलं रक्त त्याच्या डोळ्यांत थुंकलं, पडद्याची वायर ओढली आणि त्याच्या गळ्याभोवती दोन वेढे दिले. सोडवायला मध्ये पडलेल्या मेहुण्याच्या नाकावर कुणाचं तरी कोपर बसलं. कुणाचं, हे पुढे दोघांनीही एकमेकांवर ढकललं. धडपड ऐकून खालचा लॉन्ड्रीवाला हातातल्या तापल्या इस्त्रीसकट वर आला, आणि इस्त्री बघून दोघे सुटे झाले.

दुसऱ्या दिवशी एकाचा अंगठा पट्टीला बांधलेला आणि दुसऱ्याचं थोबाड सुजलेलं पाहून मालक रागावला नाही. उलट खूश झाला. एवढी आग असलेली माणसं त्याच्या पदरी आहेत हे त्याला आजच कळलं होतं. तो म्हणाला, रविवारी सकाळी गोदामामागच्या आवारात या. ड्रम मांडतो. तीन-तीन फेऱ्या, आणि विषय संपवा.

बायकोने डेंटरला नको म्हणून सांगितलं. मोडल्या हाताने कसली शर्यत. तो म्हणाला, आता मागे फिरलो तर तो मला मरेपर्यंत ठोक्या म्हणेल. ती म्हणाली, म्हणू दे की, तू ठोकतोसच. मग तिने भावाला फोन केला आणि निदान तू तरी त्यांच्याबरोबर राहा म्हणून गळ घातली.

रविवारी पेंटर आधी गेला. नीटनेटक्या तीन फेऱ्या, एका ड्रमला जरासा धक्का. मालकाने मान हलवली, म्हणजे बरं.

"तिथे तुमच्या खांद्यावर टिचकी मारता येणार नाही," मेहुणा डेंटरला म्हणाला. "मी त्या ओट्यापाशी उभा राहतो. हात खाली केला की हँडब्रेक सोडा." ओटा म्हणजे ट्रकमध्ये माल चढवायचा सिमेंटचा चौथरा, शेवटच्या डाव्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला. तिथे उभा राहू नकोस, असं कोणी म्हणालं नाही. दीड महिना तो भाऊजींच्या पाठीशी उभा होता, भाऊजी शेकडो वेळा भिंतीवर आदळले होते, आणि त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं.

पहिली फेरी डेंटरने जपून मारली. दुसरीत मालकाने तोंडातली काडी बाहेर काढली. पेंटर जमिनीकडे बघायला लागला, आणि डेंटरला ते दिसलं. तिसऱ्या फेरीला त्याने पाय दाबला.

शेवटच्या वळणावर मेहुण्याचा हात खाली आला. डेंटरने हँडब्रेक सोडला. नारिंगी नाक डावीकडे ड्रमकडे वळलं, आणि गाडी आडवी होऊन उजव्या अंगाने घसरत चालली, अगदी जशी जायला हवी तशी. आता बघायला हवं होतं उजव्या खिडकीतून. डेंटर मान ताठ ठेवून बॉनेटसमोर बघत राहिला आणि चित्र वळायची वाट पाहत राहिला.

चित्र वळलं नाही. तो अर्धा सेकंद त्याने पुरता वाया घालवला.

मग त्याच्या दाराला जड, मऊ असं काहीतरी लागलं आणि मागोमाग सिमेंट लागलं. काचेचा चुरा त्याच्या मांडीवर आला. त्याने मान वळवली तेव्हा मेहुण्याचा चेहरा खिडकीत होता, वीतभर अंतरावर, डोळे सताड उघडे. तो ओरडत नव्हता. कमरेखालचा तो गाडी आणि ओटा यांच्यामध्ये होता.

"भाऊजी," तो म्हणाला, "मागे घ्या."

डेंटर अंगठा दाबत होता. पट्टी बांधलेला मोडका अंगठा स्टिअरिंगवर जिथे काहीच नव्हतं तिथे दाबत होता, पुन्हा पुन्हा, कळ खांद्यापर्यंत जात होती तरी.

धावत आला तो पेंटर. त्याने दुसऱ्या दारातून आत वाकून डेंटरच्या कानशिलात अशी दिली की त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, गिअर न्यूट्रलला टाकला, आणि मालकाला हाक मारून गाडी ढकलायला घेतली. गाडी हातभर सरली तसा मेहुणा बसला. गुडघ्यापासून खाली पँट होती, पण तिच्यात पायाचा आकार राहिला नव्हता. आता मात्र तो ओरडला, आणि गोदामाच्या छपरावरची कबुतरं उडाली.

दवाखान्यात बायकोने डेंटरला सगळ्यांदेखत मारलं, आधी हाताने, मग चपलेने. तिची आई बाकावरून उठली नाही. फक्त म्हणाली, आता मुलीनेही आमच्याकडे यायचं नाही. जावयाचं तर तिने नावही काढलं नाही.

मालकाचं एक दार गेलं; ते डेंटरने डाव्या हाताने ठोकून सरळ केलं, आणि चार महिन्यांनी स्पर्धेत गाडी पाचवी आली. पेंटरचे दोन दात गेले, त्याला सीट मिळाली. डेंटरचा अंगठा आता वाकत नाही. बायकोने या सगळ्यातून कधीच काही मागितलं नव्हतं. तिचं माहेर तुटलं. आणि मेहुण्याला तर कोणीही जिंकलं असतं तरी काहीच मिळणार नव्हतं. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला.