घड्याळजींचे बिनबोटांचे हातमोजे

घड्याळजी बिनबोटांचे हातमोजे घालून घरी आले, तेव्हाच त्यांच्या बायकोच्या मनात पाल चुकचुकली.

"कुठून आणले?" तिनं विचारलं.

"मिळाले," ते म्हणाले आणि जेवायला बसायच्या आधीच हातमोजे काढून कोटाच्या खिशात कोंबले. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाला कधी धड खोटं बोलता आलं नव्हतं. आजही येत नव्हतं.

सकाळी ते आंघोळीला गेल्यावर तिनं खिसा चाचपून हातमोजे बाहेर काढले. प्रकार सोपा होता. एक चौकोनी पट्टी विणायची, दुमडून बाजू शिवायची, अंगठ्यापुरती फट सोडायची. पण लोकर? मनगटाशी तांबडी, म्हणजे तिनं यांनाच विणलेल्या स्वेटरमधली उरलेली. वर मोरपंखी, लेकीच्या टोपीतली. तिच्या पिशवीतली लोकर यांनी परस्पर कुणाला तरी नेऊन दिली होती, आणि त्या कुण्या बाईनं ती यांच्यासाठी विणली होती. बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

विणकाम मात्र दिव्य होतं. एक टाका ढिला, दुसरा आवळलेला, मध्येच दोन सुटलेले. 'बाईसाहेबांना सुई धरता येत नाही, आणि निघाल्यात दुसरीच्या नवऱ्याचे हात गरम करायला,' ती पुटपुटली. तेवढ्यानं तिला जरा बरं वाटलं.

यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाशेजारी एक रफूवाली बसायची. पण रफूवालीचा हात इतका गचाळ कसा असेल? मग राहिली समोरची फुलवाली. ती उगाचच फार हसायची. शिवाय महिना झाला, हे दुपारचे जेवायलाही घरी येत नव्हते. म्हणे काम तुंबलंय.

दुपारी डबा घेऊन ती निघाली. रस्ताभर एकेक वाक्य जुळवत गेली. काय बोलायचं, कुणाकडे बघून बोलायचं, सगळं ठरलं. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, तेव्हा तर तिची खात्रीच पटली. ती वाकून आत शिरली.

आत घड्याळजी एकटेच होते. भिंग कपाळावर सरकवलेलं, मांडीवर लोकरीचा गुंडा, हातात तिच्याच जुन्या सुया. उजवा हात थरथरत होता. सुई टाक्याजवळ जायची आणि निसटायची. टेबलावर गिऱ्हाइकांची उघडलेली घड्याळं पडून होती, आणि त्यांवर धूळ बसली होती.

"डॉक्टरांनी सांगितलंय," ते मान वर न करता म्हणाले. "काहीतरी विणत जा म्हणाले, बोटं चालती राहतील."

"कधीपासून होतंय हे?"

"दोन महिने झाले. स्क्रू धरता येत नाही गं आता."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"सांगणारच होतो. म्हटलं, आधी एक जोडी धड जमू दे. असले टाके बघून तू हसली असतीस."

डबा खाली ठेवून तिनं स्टूल ओढलं, त्यांच्या शेजारी बसली आणि सुटलेला टाका उचलून सुईवर चढवला. घड्याळजींनी सुया तिच्या हाती सोडल्या नाहीत. ते पुन्हा विणू लागले, आणि पुढचाच टाका सुटला.

ती फुलवाली असती तर किती बरं झालं असतं, तिला वाटलं. तिला झिंज्या धरून हाकलता तरी आलं असतं.