अर्धा फोटो

“बूट घाला ना बाबा. शाळेच्या कार्यक्रमाला चप्पल नाही चालत,” असं म्हणत रश्मीनं नव्या बुटांचा खोका हिरालालांसमोर सरकवला.

“बोगद्यात तर मी अनवाणीच जात होतो, बाई. आता बूट कायले?” हिरालाल हसले, पण लेकीच्या शब्दाखातर त्यांनी बुटांत पाय कोंबले.

बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेतल्या जुन्या वातबोगद्यात त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. तिथं विमानाची लाकडी प्रतिकृती आत बसवत, टोकाचा अजस्र पंखा सुरू करत आणि वाऱ्यात तिचं काय होतं ते शास्त्रज्ञ काचेतून बघत. त्याआधी, धुळीचा कणही राहू नये म्हणून, हिरालाल अनवाणी आत शिरून भिंती मलमलीच्या फडक्यानं पुसत. निवृत्तीनंतर गावी, लाखनीच्या चहाटपरीवर ते हे सारं रंगवून रंगवून सांगायचे, आणि रश्मी लाजेनं अर्धी व्हायची. महामार्गावरच्या दुसऱ्या गावातल्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. वडील काय करायचे, असं कुणीतरी पहिल्याच दिवशी विचारलं, तेव्हा ती ‘शास्त्रज्ञ’ म्हणून मोकळी झाली होती. थाप पचली. इतकी पचली, की यंदा विज्ञान दिनाला मुख्याध्यापकांनी प्रमुख पाहुणे म्हणून थेट बाबांनाच बोलावलं. रश्मीच्या तोंडचं पाणी पळालं.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पोरांना दाखवायला त्यांनी ते मलमलीचं फडकं पिशवीत घेतलं होतं. निवृत्तीच्या दिवशी मागून आणलेलं, धुऊन चौघडी करून ठेवलेलं. रश्मीच्या आईलाही ते त्याला हात लावू देत नसत.

सभागृहाच्या दाराशीच त्यांचा मोठा फोटो लावला होता. हिरालाल चष्मा चढवून बघत राहिले. घरच्या भिंतीवरच्या मूळ फोटोत ते बोगद्याच्या तोंडाशी अनवाणी उभे होते, हातात फडकं होतं. इथं फोटो छातीशीच कापला होता. खाली रश्मीच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘ज्येष्ठ शास्त्रज्ञ’.

पिशवीत घातलेला हात त्यांनी तसाच रिकामा बाहेर काढला.

हारतुरे झाले, मुख्याध्यापकांनी वातबोगद्याचं सांगून ओळख करून दिली आणि हिरालाल बोलायला उभे राहिले. मग पुढच्या रांगेतली तृप्ती नावाची मुलगी उठली. “आजोबा, त्या बोगद्यात तुम्ही काय करत होते?”

बाबांनी रश्मीकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

“मॅडमनं लिहिलं हाये ना पोरी, तेच,” हिरालाल म्हणाले आणि खाली बसले.

टाळ्या कडाडल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं रश्मीला झालं. उठून खरं सांगावं, एवढं दोन पावलांचं काम होतं. ती टाळ्या वाजवत राहिली.

बाहेर आल्यावर तिला रडू आवरेना. “बाबा, माह्यं चुकलं. मले...”

“राहू दे. काहून रडून राहिली? पोरं पाहून राहिले.”

त्यांनी बूट काढून पिशवीत टाकले. टाचा सोलून निघाल्या होत्या. महामार्गावरच्या ट्रकांनी उडवलेली धूळ तिच्या स्कूटीवर बसली होती. हिरालालांनी पिशवीतून फडकं काढलं, चौघडी मोडली आणि वाकून सीट पुसली, सावकाश, पार कडेपर्यंत. पांढऱ्या मलमलीवर धुळीचा काळा पट्टा उमटला.

“बस आता,” ते म्हणाले. “साडी खराब होते तुही.”