तीन घंट्यांची लिफ्ट

मी एक जुनी लिफ्ट आहे. बगदादच्या शिक्षण खात्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लटकून मला बरीच वर्षं झाली. मित्रांनो, इथे मला कोणी अडकवलेलं नाही. मीच अडकले आहे.

राजाच्या काळात मला जहाजाने बसऱ्याला आणलं आणि तिथून आगगाडीने इथे. आत अक्रोडाच्या फळ्या, बाहेर लोखंडी जाळीचं दार. मोठी ऐट होती माझी! नियम असा की एक घंटी वाजली तर कारकून, दोन वाजल्या तर अधिकारी आणि तीन वाजल्या तर मंत्री. तीन ऐकल्या की असेल तिथून खाली निघायचं, मग आत कोणीही असो. माझा लिफ्टमन मिझहिर या नियमाला इतका पक्का होता की डुलकी लागली तरी त्याचा हात मला चालवायच्या दांड्यावर जाई. नजला या एकुलत्या लेकीवरून सगळे त्याला अबू नजला, म्हणजे नजलाचा बाप, म्हणत.

मंत्री फार आले. कोणी वर्षभर टिके, कोणी महिनाभर. "अबू नजला, चहा निवेपर्यंत तरी राहील का रे हा?" असं कारकून हळूच विचारत. मी त्यांना वजनावरून ओळखायची. चढताना सगळेच जड असत.

राजाचे शेवटचे शिक्षणमंत्री होते मुनीब बे; बे म्हणजे साहेब. पहिल्याच दिवशी त्यांनी मिझहिरपुढे एक कागद धरला.

"वाच बघू."

"येत नाही, बे. तीन मजले पाठ आहेत, तेवढ्यावर भागतं."

"शिक्षण खात्याची लिफ्ट चालवतोस आणि अक्षर येत नाही? लाज मलाच वाटायला हवी."

तेव्हापासून वर जाताना रोज एक अक्षर. मिझहिर ते किल्लीने माझ्या फळीवर कोरून ठेवी. मला टोचायचं, पण बरं वाटायचं. अरबीच्या अठ्ठावीसपैकी सत्तावीस अक्षरं झाली.

पुढच्या सकाळी राज्य उलथलं. रेडिओवर प्रजासत्ताक जाहीर झालं, रस्ता आरोळ्यांनी भरला, जिन्यावर सैनिक उभे राहिले. मुनीब बे माझ्यात शिरले आणि मिझहिरने मला दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्येच थांबवलं.

खालून कोणीतरी ओरडलं, "ए अबू नजला! पिंजऱ्यात कोण आहे?"

"मीच एकटा पोपट, भावा! बिघडलीय ही म्हातारी!"

ते हसत निघून गेले. संध्याकाळी पहारा सुटला की मागच्या दाराने बेंना नदीकडे न्यायचं ठरलं. उकाड्यात दोघांनी एक पाव अर्धा अर्धा खाल्ला. थोडेच तास काढायचे होते.

दुपारी तीन घंट्या वाजल्या.

मित्रांनो, मिझहिरने विचार केला नाही. पंधरा वर्षांत तीन घंट्यांवर त्याने कधी विचार केलाच नव्हता. हात दांड्यावर गेला, मी निघाले. तळमजल्याचा उजेड जाळीतून दिसला तेव्हा त्याला कळलं. त्याने किंचाळून दांडा ओढला, पण उशीर झाला होता. जाळीपलीकडे प्रजासत्ताकाचे पहिले शिक्षणमंत्री उभे होते आणि त्यांच्यासोबत सैनिक.

मुनीब बेंनी मिझहिरच्या खांद्यावर हात ठेवला. "रडू नकोस रे. तीन घंट्या मंत्र्याच्याच." ते उतरले आणि पुन्हा कधी कोणाला दिसले नाहीत.

त्या दिवशी मी अडकायला हवं होतं. माझे दोर चांगले होते, मी अडकले नाही.

मग आणखी मंत्री आले, काही गणवेशातले, काही कोटातले. भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, तीन घंट्या मात्र त्याच राहिल्या. त्या वाजल्या की मी त्याच जागी थरथरत थांबायची. माझ्यात एक माणूस जास्त आहे असं वाटायचं आणि ते वजन ओळखीचं असायचं. कारागीर शपथेवर सांगत की बिघाड काही नाही.

नजला शिक्षिका झाली. एकदा माझ्या फळीवर बोट फिरवत ती म्हणाली, "बाबा, एकच तर राहिलंय. मी शिकवते."

"नको, पोरी. ते ज्यांनी शिकवायचं होतं, त्यांना मीच खाली नेलं."

आता मिझहिरही नाही. तो गेल्यावर तीन घंट्या वाजल्या तेव्हा मी त्याच जागी थांबले, ती आजवर हलले नाही. पुढच्या आठवड्यात मला मोडणार आहेत. मोडा, माझी तक्रार नाही. पण ती फळी जपा. तिच्यावर सत्तावीस अक्षरं आहेत आणि एका अक्षराची मोकळी जागा. ती कोणी भरू नका. आणि मित्रांनो, घंटी कितीही वेळा वाजो, दांड्याला हात घालण्याआधी एकदा मागे वळून बघा, आत कोण उभं आहे ते.