मावळतीनंतरची गोळी

"सोड! सोड म्हणते न्हवं?"

त्रिशलाबाईंनी व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरबाईच्या मनगटावर सणसणीत चापट मारली. त्या पोरसवदा मुलीनं घाबरून हात काढून घेतला. टेबलावरचा गुडघा काटकोनाच्या बराच अलीकडे अडकला होता, तो तिथंच राहिला. त्यांची सून आदिती कडेवरच्या अरिहंतला थोपटत भिंतीशी उभी होती. तिची नजर गुडघ्यावर नव्हती, सासूच्या तोंडावर होती. खरंच दुखतंय की दुखल्यासारखं करतायत, हे ती त्या तोंडावर शोधत होती.

हा किडा डोक्यात सोडला होता नणंदेनं. गडहिंग्लजहून आईला बघायला आलेली तेजस्वी स्वयंपाकघरात शेंगदाणे तोंडात टाकत म्हणाली होती, "वैनी, एक्सरे चांगला हाय, टाके सुकल्यात, डॉक्टर म्हणतोय काम झ्याक झालंय. मग दुखतंय कुठं? तू नोकरीला निघालीस की तिला पोरामागं पळावं लागणार. माझीच आई हाय म्हणून सांगते, लई पक्की हाय ती."

आदितीनं ते बोलणं हसण्यावारी नेलं होतं. पण त्या दिवसापासून ती सासूचं लंगडणं चोरून बघायला लागली. कुणी नसताना त्या नीट चालतात का? पोरगं दुसऱ्या खोलीत असलं की कण्हणं कमी होतं का? होत नव्हतं. तरी ती बघतच राहिली.

वारणानगरच्या एका कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. अरिहंतच्या वेळी जागा सोडली होती. आता तिथून पुन्हा बोलावणं आलं होतं, आणि पोराला आज्जी सांभाळणार होती. म्हणून तर एवढी घाई. गुडघा त्रिशलाबाईंचा, पण ऑपरेशनचा महिना ठरला होता सुनेच्या सोयीनं. तिच्या नवऱ्यानं, आदर्शनं, आईला समजावलं होतं, "आई, एकदा बदलून टाक. पोरीसारखी पळशील." त्या तेव्हा नुसत्या हसल्या होत्या.

"संध्याकाळचा व्यायाम करता का?" डॉक्टरबाईनं जरा लांबूनच विचारलं.

"न्हाय हुईत, बाई. जीव जातोय."

"रात्रीची गोळी घेतल्यावर अर्ध्या तासानं करायचा, असं सांगितलं होतं ना? गोळीनं दुखणं दबतं, तेवढ्यात पाय वाकवून घ्यायचा."

"रात्रीची मी सकाळी उठल्यावर घेते."

"सकाळी?"

"दिवस मावळल्यावर मी पाणी सुदिक तोंडात घालत न्हाय. नेम हाय माझा. लगीन करून आले तवापास्नं."

अरिहंत आदितीचं मंगळसूत्र ओढत होता, तेही तिला कळलं नाही. सगळ्यांची जेवणं आटोपली की रोज रात्री ती सासूच्या उशाशी गोळी आणि पाण्याचा पेला ठेवायची. "आत्ती, गोळी." "ठेव, घेते." सकाळी पेला रिकामा असायचा. आपण किती लक्ष ठेवतो, असं मनातल्या मनात म्हणत ती तो विसळायची.

"अहो आज्जी, मग उजेडी जेवता तेव्हाच घ्यायची! चाललं असतं की," डॉक्टरबाई म्हणाली. "एकदा विचारायचं तरी."

"कागदावर रात्री म्हणून लिवलंय. डॉक्टरापरास मी शानी हाय व्हय?"

ऑपरेशन करणारे डॉक्टर बाजूच्याच खोलीत बसायचे. त्यांनी पाय हातात धरून पाहिला. आत सांधा आखडलाय, म्हणाले. पहिले आठवडे महत्त्वाचे असतात, ते वाया गेले. आता भूल देऊन जोर लावून वाकवून बघता येईल. फरक पडेलच असं सांगता येत नाही.

"पुन्यांदा भूल न्हाय," त्रिशलाबाई म्हणाल्या. "हाय त्यात भागवते."

शुक्रवार पेठेतल्या घराकडं निघालेल्या रिक्षात दोघी कोपरे धरून बसल्या. पाय वाकत नसल्यानं त्रिशलाबाईंना तो तिरका टाकावा लागला होता. आदितीला तो आपल्या मांडीला लागू द्यायचा नव्हता.

"मला सांगायचं तरी, आत्ती."

"काय सांगायचं? माझं ताट दिवस बुडायच्या आत कोण वाढतंय? तूच न्हवं?"

आदिती बाहेर बघत राहिली.

"चार वर्सं वाढतीयास. आन् रातच्याला उशाशी पाणी आणून ठेवतीयास. मला वाटलं, सुनेनं आपलं काम उरकलं. आपण कशाला बोला?"

"तसं नव्हतं ते."

"आसंल की. मी कुठं न्हाय म्हणते?" त्यांनी तिरका पाय हातानं जरा सावरला. "तेजी काय बोलली तुझ्याजवळ, ते बी ऐकलंय मी. गुडघा गेला, कान न्हाय गेलं."

घरी आल्यावर आदर्शनं सगळं ऐकून घेतलं आणि दोघींवरही डाफरला. "शिकलेली तू, आणि हिकडं ही. घरात एकालाबी अक्कल न्हाय." तो स्वतः कधी गोळीच्या पुड्याला हात लावत नव्हता, हे बोलून दाखवायची ताकद त्या दिवशी कुणातच नव्हती.

कॉलेजला नाही म्हणून कळवायचं, असं आदितीनं ठरवलं होतं. पण त्रिशलाबाईच हटून बसल्या. "तू जा. एक पोरगं सांभाळाय दोन पाय कशाला लागत्यात? जा म्हणते तर."

ती गेली. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिताना अक्षर वाकडं आलं, मग वळणावर आलं. एसटीत खिडकीशी बसून परतताना तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याची तिला लाज वाटली, पण थोडीच.

दार ढकललं तर आत सगळं शांत होतं. त्रिशलाबाई जमिनीवर बसल्या होत्या. पाठ लोखंडी खाटेला, आखडलेला पाय काठीसारखा समोर, मांडीवर अरिहंत झोपलेला. खाटेखालची धूळ त्याच्या केसांना, कोपरांना लागली होती. आत शिरून बसलेल्या पोराला काढायला त्या खाली उतरल्या असणार.

"कधीपासून बसलाय खाली?"

"ह्ये काय, आत्ताच."

ओट्यावर ती सकाळी झाकून गेलेलं दुपारचं ताट तसंच होतं. भाकरी वाळून कडक झाली होती. आदितीनं झाकण हळूच परत ठेवलं आणि सासूच्या पुढ्यात येऊन हात दिला.

"उठा, आत्ती. धरा मला."

"मला नको धरूस. पयलं पोराला घे. मी उठते माझी."

तिनं अरिहंतला उचलून खांद्यावर घेतलं आणि ती तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभी राहिली. मागं बांगड्या खाटेच्या लोखंडावर वाजल्या. थांबल्या. दम घेतल्याचा आवाज आला. पुन्हा वाजल्या.

आदितीनं मागं वळून पाहिलं नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं. पोराच्या केसांतली धूळ ती बोटांनी हळूहळू काढत राहिली.