खोडलेलं ‘अचानक’

वेधशाळेत त्याला सगळे ‘दुर्बीण’ म्हणत. आकाशाच्या फोटोंतला बारीकसा बदलही त्याच्या नजरेतून सुटत नाही, अशी त्याची ख्याती. घरी मात्र, वाचकहो, ही दुर्बीण कायम उलटी धरलेली!

एका संध्याकाळी पाहुण्यांसमोर तो नेहमीसारखा म्हणाला, “आमच्या हिला काय विचारता? वरचा मजला रिकामा आहे!” पाहुणे हसले. बायकोने हातातला ट्रे धाडकन जमिनीवर आपटला, कपांचा चक्काचूर झाला. सकाळी ती एवढंच म्हणाली, “संध्याकाळी मी ताईकडे चाललेय. परत येईन असं धरून चालू नकोस.”

“अचानक डोकंच फिरलं तिचं,” ऑफिसात त्याने वरिष्ठ बाईंना सांगितलं. त्यातच रात्रीच्या फोटोंत एक अंधुक तारा भयंकर भडकलेला दिसला होता आणि त्याचा अहवाल तातडीने हवा होता. त्याने लिहिलं, ‘तारा अचानक भडकला.’

बाईंनी ‘अचानक’ खोडलं. “जुने फोटो काढ.”

त्याने काढले. त्या ताऱ्याचं तेज कित्येक महिने कमी-जास्त होत होतं. दर वेळी ‘कॅमेऱ्याचा दोष’ असा शेरा मारून त्यानेच तो बदल पुसून टाकला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“जोडीच्या ताऱ्याचा वायू याच्यावर वर्षानुवर्षं साचतो आणि एक दिवस स्फोट होतो,” बाई म्हणाल्या. “अचानक आपल्याला वाटतं रे, त्याला नाही. आणि तुझी ती वरच्या मजल्याची थट्टा तुझ्या घरी मीही ऐकलीय. हसले नाही, पण गप्प बसले. माझंही चुकलंच.”

त्याला आठवलं. सुरुवातीला बायको कसनुशी हसायची. मग स्वयंपाकघरात निघून जायला लागली. पुढे पाहुण्यांसमोर तिने तोंड उघडणंच सोडलं, तेव्हा तो म्हणाला होता, “मूडी आहे जरा!” अरे देवा! तेही त्यानेच पुसलं होतं!

तो धापा टाकत घरी पोचला. ती बॅग घेऊन दारात उभी होती, खाली टॅक्सी थांबलेली. ‘असं अचानक काय झालं?’ हा प्रश्न ओठांवर आला होता. तो त्याने गिळला.

“कधीपासून सोसतेयस?” त्याने विचारलं.

तिचे डोळे भरून आले. “आपल्याकडे आलेल्या पहिल्या पाहुण्यांपासून.” तिने बॅग खाली ठेवली. “सांगते. पण मध्ये बोलायचं नाही.”

तो पायरीवर बसला आणि ऐकत राहिला. तिचं बोलणं संपलं तेव्हा टॅक्सीवाला कंटाळून निघून गेला होता.

मित्रहो, आकाशात असो की घरात, भडका एका रात्रीत उडत नाही. आपल्या माणसाचा राग ‘अचानक’ वाटला, तर आधी तो शब्द खोडावा आणि आजवर आपण काय काय पुसत आलो ते बघावं.