खडूने आखलेलं अंगण

मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकही रोप लावलं नव्हतं, म्हणूनच घरापुढच्या अंगणाचा बेत त्यांना अगदी सोपा वाटत होता. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला बारा बाय वीस फुटांची जमीन म्हणजे काय, जरा मोठं कापड!

कारण मात्र थट्टेचं नव्हतं. मास्तरीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या दीड महिना लेकीकडे होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, "उकिडवं बसणं कायमचं बंद. नाहीतर गुडघा पुन्हा जाईल." पण या बाईंना अंगणात गवताची एक काडी दिसली, की डॉक्टर, ऑपरेशन, सगळं मुसळ केरात. तेव्हा काडीच उगवू नये असं अंगण हवं, आणि त्या परत यायच्या आत हवं.

"काही करावंच लागणार नाही अशी झाडं द्या," मास्तर नर्सरीवाल्याला म्हणाले.

"प्लास्टिकची समोरच्या दुकानात मिळतात."

पण माणूस मनाचा चांगला. त्याने नीट समजावलं. भिंतीलगत कण्हेर आणि जास्वंदीची झुडपं, वर्षातून एकदा छाटली की झालं. मध्ये लिलीचे कंद, एकदा पुरले की विसरून जायचं. कंदांच्या अधेमधे दरवर्षी आपणहून फुटणारी डेझी. आणि कंदांची डोकी मोकळी ठेवून उरलेल्या मातीवर लाकडाच्या सालींचा जाड थर, म्हणजे गवताची काय बिशाद!

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून जास्वंदीचं माप घेतलं. "घेर नऊ इंच."

"तीन वर्षांनी चार फूट होईल."

"म्हणजे वाढत्या अंगाचं शिवायचं. ते मला शिकवू नका."

झुडपं खरंच बेतशीर लागली, दोहोंमध्ये ऐसपैस जागा सोडून. शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "मास्तर, टक्कल पडल्यासारखं दिसतंय हो."

"तुमच्या मुलाने पहिलीचा युनिफॉर्म चौथीपर्यंत घातला, तेव्हा नाही काही बोललात."

घोटाळा झाला तो पुढे. मास्तरांनी सवयीप्रमाणे खिशातला निळा खडू काढला, मातीवर चाळीस फुल्या मारल्या आणि प्रत्येक फुलीखाली एकेक कंद पुरून वरची माती थापून फुली पुन्हा गिरवली. मग मागे सरून काम डोळे भरून पाहिलं आणि पाइपने भरपूर पाणी घातलं. 'खडूचं काय घेऊन बसलात, पाण्यात जातो' असं ज्यांनी हजार गिऱ्हाइकांना सांगितलं, ते मास्तर पाइप हातात धरून फुल्या वाहून जाताना बघत राहिले.

डेझीसाठी अंदाजाने खुरपं मारलं, तर एका कंदाचे दोन तुकडे. दुसरीकडे मारलं, तिथेही तेच. मास्तरांनी खुरपं खाली ठेवलं. साली तरी कुठे पसरायच्या, डोकी कुठे आहेत तेच ठाऊक नाही! डेझी कुंडीत राहिली, साली पोत्यात. पाणी मात्र ते रोज इमानाने घालत होते. पंधरा दिवसांत अंगण हिरवंगार झालं. त्यात लिली कुठली आणि गवत कुठलं, हे देव जाणे.

आणि मास्तरीणबाई काठी टेकत आल्या.

"अहो, हे काय?"

"बाग. बिनकष्टाची."

त्यांनी गवताकडे पाहिलं आणि काठी भिंतीला टेकवली. झालं! आता ही खाली बसणार!

"खबरदार खाली बसलीस तर!" ते इतक्या जोरात ओरडले, की वहिनी बाहेर आल्या. मग घरात धावत जाऊन त्यांनी दुकानातून घरी आलेली आपली मशीनपुढची खुर्ची आणली, बायकोला तिच्यावर बसवलं आणि स्वतः मातीत उकिडवे बसले. "तू फक्त सांग. मी उपटतो."

"ते नको, लिली आहे ती! पान बघा, कसं जाड आहे. डावीकडचं. अहो, तुमचं डावं!"

दहा मिनिटांत मास्तरांचे गुडघे बोंबलू लागले. एक हात गुडघ्यावर दाबून त्यांनी वर पाहिलं. खुर्चीत ती, खाली आपण. दुकानात चाळीस वर्षं याच खुर्चीत ते बसले होते, आणि दारातल्या उजेडात, खाली, अशीच उकिडवी बसून ती काजं करत होती, बटणं लावत होती. हे त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"अगं, तू रोज अशी बसायचीस?"

"मग काय करणार? खुर्ची एकच होती."

खाली मान घालून मास्तर मातीच उकरत राहिले.

"बरं, आता रडून लिली खारट करू नका," मास्तरीणबाई खुर्चीत मागे रेलून म्हणाल्या. "तो कोपरा राहिलाय."

मास्तर उठले नाहीत. बसल्या बसल्याच कोपऱ्याकडे सरकले.